स्वीकार कोणीं कोणाचा करावा?

‘पूर्वग्रह’ हा शब्द आज सुशिक्षित घरांतून जवळ जवळ शिवीसारखा वापरला जातो. तो आपल्या ठायीं आहे असें कोणी कबूल करीत नाहीं. तो नेहमीं दुसऱ्याच्याच ठिकाणीं असतो. ‘स्वीकार’ हा शब्द त्या मानानें फार भाग्यवान. त्याच्याकडे कोणी संशयानें पाहत नाहीं. पूर्वग्रह वाईट, म्हणून स्वीकार चांगला, इतकें सोपें गणित आपण मांडलें आहे आणि तें सुटलें असें समजून वही मिटून ठेविली आहे. ती पुन्हां एकदां उघडून पाहण्यासारखी आहे असें मला वाटूं लागलें तें माझ्या व्यासंगामुळें नव्हे, तर एका विद्यार्थ्याच्या उत्तरामुळें.

उत्तराकडे वळण्यापूर्वीं शब्दाकडे पाहूं. ‘स्वीकार’ हा संस्कृतांतील च्वि-प्रत्ययाचा शब्द. जें पूर्वीं आपलें नव्हतें तें आपलें करणें, असा त्याचा मूळ अर्थ. ह्या क्रियेला एक कर्ता लागतो व एक कर्म लागतें. ज्याच्याजवळ ‘स्व’ म्हणावें असें कांहीं आहे, घर आहे, घराला दार आहे, दाराला कडी आहे, तो कर्ता. आणि दाराबाहेर जो उभा आहे तो कर्म. कडी काढणाराचें मन कितीही उदार असो, कडी त्याच्याच हातीं असते. एवढें ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

विजय तेंडुलकर ह्यांचें ‘कन्यादान’ हें नाटक १९८३ सालीं रंगभूमीवर आलें. त्याचें कथानक पुष्कळांस ठाऊक आहे. तरी दोन शब्दांत सांगतों. नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे, विधिमंडळाचे सभासद, जन्मानें ब्राह्मण. पत्नी सेवा, हीही समाजकार्यांत मुरलेली. मुलाचें नांव जयप्रकाश, ह्यावरूनच घराचें वळण कळावें. मुलगी ज्योति ही अरुण आठवले नांवाच्या दलित कवीशीं लग्न करण्याचें ठरविते. आईला व भावाला शंका येते. नाथांना मात्र आनंद होतो. जन्मभर जें व्यासपीठावरून सांगितलें तें आतां आपल्या घरांत घडत आहे, ह्या आनंदांत ते शंका ऐकून घेत नाहींत. लग्न होतें. अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो. ती गरोदर असतांही मारतो. त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध होतें, गाजतें, आणि त्यावरील सभेंत नाथांना मनाविरुद्ध भाषण करावें लागतें. अखेर ज्योति बापालाच जाब विचारते व नवऱ्याकडे परत जाते. ह्याच नाटकासाठीं तेंडुलकरांना पुढें सरस्वती सन्मान मिळाला, आणि ह्याच नाटकानें त्यांना अतिशय कडवे टीकाकारही मिळवून दिले.

आमचा तालुका पैनगंगेच्या अलीकडचा. नदी ओलांडली कीं विदर्भ लागतो. आमचीं मुलें असलीं नाटकें पाहत नाहींत, वाचतात. वर्गांत पात्रें वांटून वाचन करूं लागलें म्हणजे एक गोष्ट हटकून दिसते. नाथांचीं भाषणें वाचावयास चारजण पुढें येतात. अरुणचीं वाचावयास कोणी येत नाहीं. सवर्ण मुलाला तीं वाचतांना संकोच वाटतो, आणि दलित मुलाला तीं वाचलीं म्हणजे सर्वांच्या माना आपल्याकडे वळतील ही धास्ती असते. नाटकाविषयींची निम्मी चर्चा ह्या मौनांतच होऊन जाते.

अशा नाटकांवर ठरीव प्रश्न विचारले जातात. ‘नाथ देवळालीकरांनीं अरुणचा केलेला स्वीकार विवेकाचा कीं भावनेचा?’ हा त्यांतलाच एक. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्यानें त्याचें तीन पानी उत्तर नेहमींच्या पद्धतीनें लिहिलें. मग अखेरीस, जणूं परीक्षेचें काम संपलें आतां आपलें बोलूं, अशा थाटांत त्यानें आणखी चार ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा: अरुण पहिल्यांदां घरीं येतो तेव्हां सर्व कुटुंब त्याला पारखून घेतें, आई त्याच्या नोकरीची चौकशी करते, पण अरुणनें ह्या कुटुंबाला पारखून घ्यावें, नाकारावें किंवा पत्करावें, असा प्रश्न नाटकांतही कोणी विचारीत नाहीं व प्रश्नपत्रिकेंतही नाहीं. स्वीकार करण्याचा अधिकार एकाच बाजूला कां?

उत्तर लिहिणारा मुलगा दलित आहे हें सांगावयास नकोच. तो तसा नसता तर हा प्रश्न त्याला सुचला असता कीं नाहीं, ह्याविषयीं मला शंका आहे. पण प्रश्न कोणाला सुचला ह्यावर त्याचें मोल ठरत नाहीं.

त्याच्या म्हणण्याला नाटकाच्या नांवांतूनच बळकटी मिळते. ‘कन्यादान’ हें दान आहे. दानाचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनीं जितक्या बारकाईनें केला तितकाच प्रतिग्रहाचाही, म्हणजे दान घेण्याचाही, केला. देणाराला पुण्य लागतें हें सर्वांना माहीत. परंतु घेणाराचें तेज उणें होतें, हेंही त्यांनीं बजावून ठेविलें आहे. घेण्याचा अधिकार असलेल्या ब्राह्मणानेंही त्यांत वारंवार गुंतूं नये, असें मनुस्मृति चौथ्या अध्यायांत सांगते. ज्या वर्गानें शतकानुशतकें दान घेतलें त्याला घेण्यांतला धोका चांगला कळत होता, असाच ह्याचा अर्थ. आतां नाथांच्या घरीं दानाची दिशा उलटली आहे. देणारा ब्राह्मण, घेणारा दलित. आणि नाथांचा आनंद नीट पाहिला तर तो दात्याचाच आनंद आहे. जांवई मिळाल्याचा तो नव्हे. आपलें घर आज खऱ्या अर्थानें भारतीय झालें, ह्याचा तो आहे. अरुण हा त्या आनंदाचें निमित्त आहे. ज्याला आपण दुसऱ्याच्या पुण्याचें साधन झालों हें कळतें, त्याच्या मनांत कृतज्ञता उपजेलच असें नाहीं. पुष्कळदां द्वेष उपजतो. अरुण त्या घरांत प्रथम येतो तेव्हां शहरांतलीं हीं मोठीं घरें त्याला जलचरांच्या पोटांसारखीं वाटतात. बापाच्या खोपटांत दहा माणसांची ऊब होती तिची तो आठवण काढतो. घरांतील मंडळींना हा त्याचा तऱ्हेवाईकपणा वाटतो. माझ्या विद्यार्थ्याला मात्र तेथें अरुणनें केलेली पारख दिसली. अरुणनें घर पाहिलें, तपासलें आणि नापसंत केलें. फक्त तें कोणी निर्णय म्हणून ऐकलें नाहीं.

जर्मन कवि गटे ह्यानें एके ठिकाणीं असा विचार मांडला आहे कीं, सहिष्णुता ही केवळ तात्पुरती वृत्ति असावी. तिचा शेवट दुसऱ्याला मान्यता देण्यांत व्हावा, कारण नुसतें चालवून घेणें हा अपमानच होय. ‘चालवून घेणें’ हा मराठी वाक्प्रचार ह्या बाबतींत फार प्रामाणिक आहे. ‘आमच्याकडे सगळें चालतें’ असें जेव्हां एखादा यजमान अभिमानानें सांगतो, तेव्हां न चालणारें कांहींतरी समोर बसलें आहे, हें तो पाहुण्याला कळवीतच असतो.

हा झाला एक पक्ष. परंतु त्या विद्यार्थ्याची दुसरी एक तक्रार होती, ती त्यानें तोंडीं सांगितली, आणि तिच्याशीं मी पूर्णपणें सहमत नाहीं. त्याचें म्हणणें, दलित तरुणाला बायको मारणारा दारूबाज दाखवावयाचें कारण काय? आपण भंग्याचीं पोरें, आपल्याला अहिंसक रीति ठाऊक नाहींत, दारू प्यावी, बायकोला मारावें हेंच आपण पाहत आलों, अशा आशयाचें भाषण अरुणच्या तोंडीं आहे. ‘हें त्याच्या तोंडीं घातलें कोणीं?’ असें त्यानें विचारलें.

युरोपांत स्वीकाराचें सर्वांत प्रसिद्ध नाटक म्हणजे लेसिंगचें ‘शहाणा नाथान’. तें १७७९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील यहुदी व्यापारी इतका थोर आहे कीं त्याच्यापुढें सुलतानही लहान दिसतो. लेसिंगचा मित्र तत्त्वज्ञ मेंडेलसोन हा त्याच्या डोळ्यांसमोर होता असें म्हणतात; आणि त्या तत्त्वज्ञालाही बर्लिनमध्यें राहण्यासाठीं राजाकडून संरक्षणाचा परवाना मिळवावा लागला होता. रंगभूमीवर यहुद्यानें आदर मिळवावयाचा तर त्यानें आधीं निर्दोष व्हावें, अशी ही अट आहे. आपल्याकडेही तीच तऱ्हा. सावरकरांच्या ‘उःशाप’ ह्या १९२७ च्या नाटकांत चोखोबा येतात. संत असला म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येणें सोपें. पण संतांना न्याय देण्यासाठीं समतेचें तत्त्व कशाला हवें? तें हवें आहे तें सामान्य, रागीट, चुकणाऱ्या, प्रसंगीं दुष्टही होणाऱ्या माणसासाठीं. दलितानें निष्कलंक असावें तरच तो बरोबरीचा, अशी मागणी दलितांच्या बाजूनें केली तरी ती अटीचीच मागणी राहते. तेंडुलकरांनीं ती अट मोडली, ह्यांत त्यांचें धैर्य आहे.

इतकें बोलून झाल्यावर मात्र त्या मुलाच्या बाजूचें एक सत्य उरतेंच. मराठी रंगभूमीवर ब्राह्मण खलपुरुष शेकड्यांनीं होऊन गेले. त्यांच्यामुळें ब्राह्मण जातीचें कोणी अनुमान काढीत नाहीं, कारण शेजारींच शेकडों ब्राह्मण नायकही उभे आहेत. व्यावसायिक रंगमंचावर दलित नायक किंवा खलनायक बोटांवर मोजावे इतके. एक सवर्ण दुष्ट निघाला तर तो एक दुष्ट असतो. एक दलित दुष्ट निघाला तर तो पुरावा होतो. हा दोष तेंडुलकरांच्या एका नाटकाचा नव्हे, न लिहिलेल्या इतर नाटकांचा आहे. पण त्याची शिक्षा ह्या एकट्या अरुणला व त्याचें भाषण वाचावयास कचरणाऱ्या मुलाला भोगावी लागते.

येथें आपल्या साहित्यशास्त्राचा एक जुना सिद्धांत तपासून पाहणें मला अगत्याचें वाटतें. रसास्वादाच्या वेळीं भावना ‘माझी’ही नसते, ‘परक्याची’ही नसते; ती साधारण होते, असें भट्टनायकानें प्रतिपादिलें. सिद्धांत सुंदर आहे. पण ती साधारण होते तें कोणासाठीं? ‘कन्यादान’ आरंभापासून अखेरपर्यंत देवळालीकरांच्या बैठकींत घडतें. अरुणचें घर, त्याचे आईबाप, त्याची गल्ली आपण कानांनीं ऐकतों, डोळ्यांनीं पाहत नाहीं. तेव्हां प्रेक्षकाला बसावयास जी खुर्ची मिळते ती नाथांच्या बैठकींतली. नाथांचें दुःख त्याला साधारण होतें, अरुणचा संताप मात्र परकाच राहतो. भरतमुनींनीं नाट्याची उत्पत्ति सांगतांना, शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नाहीं म्हणून सर्व वर्णांसाठीं हा पांचवा वेद निर्माण झाला, असें सांगितलें आहे. म्हणजे नाट्याचा जन्मच वगळलेल्यांना आंत घेण्यासाठीं झाला. परंतु ‘सहृदय’ प्रेक्षक कोण, हें ठरविण्याची वेळ आली तेव्हां पुन्हां अधिकारी-अनधिकारी असा भेद आलाच.

रूसोनें १७५८ सालीं द’आलाँबेर ह्यास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत नाट्यगृहाविषयीं जी शंका घेतली तीही येथें आठवते. खोट्या दुःखावर चार अश्रु ढाळले कीं माणसाला आपलें सर्व देणें फिटल्यासारखें वाटतें. खऱ्या दुःखितासाठीं मग कांहीं करावयाचें उरत नाहीं. आपल्या मध्यम वर्गीय कुटुंबांना हें लागू नाहीं, असें कोणी छातीवर हात ठेवून सांगावें. दया पवारांचें ‘बलुतं’ १९७८ सालीं आलें, प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ सालीं, लक्ष्मण मान्यांचा ‘उपरा’ १९८० सालीं. हीं पुस्तकें पुष्कळ घरांतील कपाटांत मानानें बसलीं. लेखक मात्र त्याच घरांत भाडेकरू म्हणून आला असता तर त्याला किती प्रश्न विचारले गेले असते, हें घरमालकांनींच सांगावें.

मराठवाड्याच्या वाचकाला ह्या नाटकाकडे केवळ नाटक म्हणून पाहतां येत नाहीं. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव संमत केला. सभागृहांत स्वीकार झाला, आणि खेड्यांत घरें पेटलीं. आमच्या नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यांतच मारले गेले. पुढें नांव बदलावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तेंही जुन्या नांवाला नवें जोडून. ज्या वर्षांत हें सारें धुमसत होतें त्याच वर्षांत तिकडे मुंबईला विधिमंडळाचे सभासद असलेले नाथ देवळालीकर रंगमंचावर उभे होते. ठराव करणारा आणि ठरावाचे चटके भोगणारा, ह्यांतील अंतर आम्हांला कोणी नाटकांतून समजावून देण्याची गरज नव्हती.

आणि गंमत अशी कीं, ह्या प्रांतांतील सवर्णांनाही परक्याच्या स्वीकाराची चव ठाऊक असावयास हवी होती. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यांत होतों. शाळा-कचेरीची भाषा उर्दू; १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचें. आमच्या वडिलांच्या पिढीनें आपल्याच गांवांत, आपल्याच मातीवर, दुसऱ्याच्या भाषेंत अर्ज लिहून मेहेरबानी मागितली. तो अनुभव त्यांनीं अभिमानाच्या कथांत जपून ठेविला. त्याच गांवाच्या वेशीबाहेर दुसरें कोणी पिढ्यान् पिढ्या अर्ज घेऊन उभें आहे, इकडे त्यांचें लक्ष गेलें नाहीं.

असा वाद वर्गांत रंगला असतां एका मुलीनें त्यांत वेगळीच खोड काढली. ती सवर्ण घरांतली, फारशी न बोलणारी. ती म्हणाली, ‘सर, नाथांनीं अरुणला स्वीकारलें कीं अरुणनें नाथांना, ह्यावर दोन दिवस चर्चा चालली आहे. मार कोण खात आहे?’ वर्ग गप्प झाला. दानाच्या व्यवहारांत दाता आणि प्रतिग्रहीता ह्यांच्या मानापमानाचा विचार आम्ही केला. जी वस्तु दिली-घेतली गेली तिचा विचार राहूनच गेला. मुलाच्या प्रश्नाला हें उत्तर नव्हे, पण त्याच्या प्रश्नाची मर्यादा ह्यानें स्पष्ट झाली. अरुणला पारख करण्याचा हक्क होता, नकार देण्याचा हक्क होता, नाथांच्या बैठकींतून उठून जाण्याचा हक्क होता. शतकांच्या अपमानाचा हिशेब ज्योतीच्या पाठीवर लिहिण्याचा हक्क त्याला कोणींही दिलेला नव्हता. अन्यायानें माणूस कडू होतो हें कारण आहे, समर्थन नव्हे. आणि ह्या दोहोंतली रेषा पुसली कीं आपण अरुणला पुन्हां माणसाहून कमी लेखतों, कारण ज्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षाच नाहीं त्याला आपण बरोबरीचा मानीत नसतों. बायकोला मारणें हें कोणा एका जातीचें वतन आहे असें अरुण सुचवितो, तें तर धडधडीत असत्य आहे. उंच माडीच्या घरांतही हात उठतात. तेथें भिंती जाड असल्यामुळें आवाज रस्त्यावर येत नाहीं, इतकेंच.

नाथांचा खरा अपराधही मला येथेंच दिसतो. त्यांनीं दलिताला जांवई केलें हा त्यांचा अपराध नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठीं लिहिलेल्या, आणि मंडळानें निमंत्रण मागें घेतल्यामुळें स्वतःच प्रसिद्ध केलेल्या भाषणांत मिश्रविवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय असें निक्षून सांगितलें होतें. तो उपाय अरुणच्या दारूमुळें खोटा ठरत नाहीं. नाथांचा अपराध हा कीं, मुलगी घाबरली आहे हें दिसत असतांना त्यांनीं तत्त्वाकडे पाहिलें, मुलीकडे पाहिलें नाहीं. अरुणकडेही पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तर एक अस्थिर, जखमी, हुशार तरुण त्यांना दिसला असता, व कदाचित् त्यांनीं त्याच्याशीं बरोबरीच्या माणसासारखें भांडण केलें असतें. जांवयाशीं भांडणें हा सासऱ्याचा जुना हक्क आहे. तो त्यांनीं अरुणच्या बाबतींत प्रथमपासूनच सोडून दिला. ज्याच्याशीं आपण भांडूंही शकत नाहीं त्याचा स्वीकार आपण कसला केला?

मराठी नाटकाच्या अगदीं आरंभीं ह्या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी रीत दिसते. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ लिहिलें; दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाकारलें, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें तें छापलें गेलें नाहीं. त्यांतील कुणबी व त्याची बायको जोशाकडून नागवलीं जातात. पण नाटकाच्या अखेरीस तीं जोशाच्या दारांत आदर मागण्यासाठीं जात नाहींत. तीं रात्रीच्या शाळेंत जातात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालीं सुरू झाला, आणि दार उघडत नाहीं असें पाहून १९३५ सालीं येवल्यास आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. तींही पावलें त्याच दिशेचीं. पंढरपूरचें दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ सालीं उघडलें, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तोंवर ज्यांना आंत यावयाचें होतें त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं आपला रस्ता बदलला होता.

आमच्या नांदेडचेच नाटककार दत्ता भगत ह्यांचें ‘वाटा-पळवाटा’ मीं त्या दोन्ही विद्यार्थ्यांना वाचावयास दिलें. त्यांत प्राध्यापक सतीश दलित आहे आणि त्याची पत्नी हेमा सवर्ण. आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या, म्हातारे काका, मध्यम वयाचा सतीश आणि तापट अर्जुन, तेथें एकमेकांशीं भांडतात, चुकतात, एकमेकांना टोचून बोलतात. तेथें दलित हा कशाचाही पुरावा नाहीं, कारण तेथें तो एकटा नाहीं. मुलाला तें फार आवडलें. अरुणचें भाषण वाचण्यापेक्षां अर्जुनचें वाचणें सोपें, असें तो म्हणाला. मुलीला अर्थातच हेमेविषयीं अधिक लिहिलें गेलें असतें तर हवें होतें.

तिनें आणखी एक सुचविलें, तें मला ह्या साऱ्या वादांत सर्वांत मोलाचें वाटलें. ‘कन्यादान’ संपल्यावर ज्योति परत जाते. जेथें जाते तें ठिकाण कोणीं दाखविलेलें नाहीं. कधीं तरी अरुणची आई तिला भेटेल. सुनेच्या अंगावरचे वळ पाहील. नवऱ्याचा मार तिनें स्वतः खाल्लेला आहे, हें अरुणच्याच बोलण्यावरून आपल्याला ठाऊक आहे. ती म्हातारी त्या वेळीं ह्या ब्राह्मणाच्या पोरीला काय म्हणेल, आणि आपल्या मुलाला काय म्हणेल, हें लिहून दाखवा, असा प्रश्न परीक्षेंत घालावा, असें तिचें म्हणणें. विद्यापीठाच्या पत्रिकेंत तो घालतां येत नाहीं. मीं तो वर्गांत घातला आहे. तेवीस उत्तरें आलीं आहेत, आणि एकाही उत्तरांतली म्हातारी दुसरीसारखी बोलत नाहीं.